काल काय बिघडलं?

मंगळवारी आम्ही दोघं चाकणला गेलो, मंदाच्या हयातीचा दाखला द्यायला. तिला कंपनीची पेन्शन होती. थोडीच, पण तिच्या नावाची. वर्षातनं एकदा आपण जिवंत आहोत असं मशीनला सांगावं लागतं, नाहीतर पेन्शन बंद. मशीन तिचं बोट घेईना. उजवा अंगठा झाला, डावा झाला, मग बाकीची बोटं झाली. बावीस वर्षं पत्र्याच्या कडा चाचपून तिच्या बोटांवरच्या रेघाच गेल्या होत्या.

काउंटरवरचा माणूस म्हणाला, "मावशी, बोट जरा पुसून ठेवा."

"पुसून पुसूनच हे झालंय, बाबा. आता आणि काय पुसू?"

शेवटी त्यानं मशीन डोळ्याला लावून भागवलं. मग फॉर्ममधलं विचारायला लागला. पुन्हा नोकरी धरली का? नाही. पुन्हा लग्न केलं का? मंदानं वळून माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं.

"ह्यांचं एकाचंच करता करता जीव चाललाय," ती म्हणाली. "न्हाई म्हणून लिव."

रांगेतले सगळे हसले. मीपण हसलो.

परत येताना बसची वाट बघत बसलो. मी भाजलेल्या शेंगा घेतल्या. तिला खाववत नव्हतं. ती सोलून सोलून माझ्या हातावर ठेवत होती. एकेक दाणा डोळ्यासमोर धरायची, खवट असला तर फेकायची.

"अवो," ती म्हणाली, "पोटातले खडे तर काढले. मग अंगात ताकद का येईना?"

"येईल की. वय झालं आता."

"दुसरं काय न्हाई ना?"

"दुसरं काय असणार?"

"बरं. मग संक्रांत झाली की दिघीला जाऊन येते. तवर ताकद येईल."

"जा की," मी म्हणालो.

शुक्रवारी पहाटे ती गेली. तिला पित्ताच्या पिशवीचा कॅन्सर होता. मला साडेपाच महिने माहीत होतं. माझा मुलगा दीपक, त्याला माहीत होतं. तिला माहीत नव्हतं, कारण आम्ही तिला सांगितलं नाही. हे कुठल्या बाईपासून लपवलं, ते आता सांगतो. म्हणजे मी काय केलं ते तुम्हाला कळेल. उगाच हळहळू नका.

मंदा पाच फुटाला बोटभर कमीच. डावा डोळा सारखा बारीक केलेला. लोकांना वाटायचं ही रागानं बघते. ती तपासत असायची. कंपनीत ती पार्ट तपासायला होती. पत्र्याचा पार्ट उचलायचा, डोळ्यासमोर धरायचा, अंगठा कडेवरनं फिरवायचा, कुठं धार राहिली का बघायचं, मग मापाला लावायचा. ही सवय तिनं घरी आणली. भाकरी डोळ्यासमोर धरायची. भेंडी धरायची. लग्नाची पत्रिका आली तर आधी कडेवरनं अंगठा, मग मजकूर. ताटलीत जेवायला वाढायच्या आधी ताटलीवरनं अंगठा. नव्या सुनेला वाटलं सासू ताटल्या खरकट्या म्हणते. दोन महिने ती रुसून होती.

कंपनीत शिफ्ट सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं सगळ्यांना उभं करायचे. सुपरवायझर दोन प्रश्न विचारायचा. काल काय बिघडलं? परत होऊ नये म्हणून काय करायचं? बाया पायाच्या अंगठ्याकडं बघत उभ्या राहायच्या. कोण बोलणार? बोललं की नावावर लागायचं. मंदा बोलायची. काल माझ्याकडनं एवढे पीस वाकडे सुटले, डोळा लागत होता, आज तोंड धुऊन बसते. असं. सुपरवायझरलाच लाज वाटायची.

हे मला कसं ठाऊक? मी त्या कंपनीची बस चालवायचो. शिफ्टच्या बाया आणायच्या, सोडायच्या. परतीच्या वाटेवर त्या हेच बोलत बसायच्या. आरशात मला सगळ्या दिसायच्या. बायकोपण दिसायची.

तीच मिटिंग तिनं घरात चालू केली. सकाळी चहा झाला की पातेल्याच्या झाकणावर चमचा वाजवायची. ठण, ठण. "चला, काल काय बिघडलं?" दीपक शाळेत होता तेव्हापासून. तो म्हणायचा, पट्टी हरवली. मी म्हणायचो, काल दोन घोट जास्त झाले. ती म्हणायची, भाजीत मीठ विसरले आन कुणी बोललं न्हाई म्हणून मीबी गप बसले, हे जास्त वाईट. पाहुणे असले तरी मिटिंग व्हायची. माझा चुलता एकदा मुक्कामाला होता, त्यालापण विचारलं. तो म्हणाला, "माझं काय बिघडणार?" मंदा म्हणाली, "रातच्याला तुमी न्हाणीत न जाता परड्यात गेलात, ते बिघडलं." चुलता परत आला नाही.

मात्र एक सांगतो. जो बोलला त्याला ती कधी रागावली नाही. नुसता दुसरा प्रश्न विचारायची. परत होऊ नये म्हणून काय करायचं? उत्तर दिलं की विषय संपला. चहा गार व्हायच्या आत.

माझी आई म्हणायची, झाकली मूठ सव्वा लाखाची. मंदा म्हणायची, "एकदा उघडून बघा ती मूठ. आत नुसता घाम असतो."

ती देवमाणूस होती असं मी म्हणत नाही. तिच्या खरं बोलण्याचा आम्हाला तापच झाला. कंपनीत तिच्याकडं मापाचा एक लोखंडी तुकडा असायचा. पार्टच्या भोकात तो बरोबर बसला तर पार्ट पास. एकदा तो तिच्या हातनं फरशीवर पडला. कडेला मार बसला. तिला कळलं जेवणाच्या सुट्टीनंतर. म्हणजे अर्ध्या शिफ्टचा माल चुकीच्या मापानं पास झालेला, आणि गाडी निघून गेलेली. तिनं सुपरवायझरला सांगितलं. तो म्हणाला, "गाडी गेली ना? मग तुझं तोंड पण गेलं. गप बस."

दुसऱ्या दिवशी माल घेणाऱ्या कंपनीची माणसं तपासणीला आली. साहेब लोक रांगेतनं फिरत होते. एकानं सहज विचारलं, "काय मावशी, सगळं ठीक?" मंदा म्हणाली, "न्हाई साहेब."

गेलेली सगळी खोकी परत आली. रविवारी सगळ्या बायांना बोलावून फोडायला बसवलं, ओव्हरटाइम न देता. त्यातनं खराब निघाले ते मोजके. महिनाभर माझ्या बसमध्ये तिच्या शेजारी कुणी बसलं नाही. ती पुढच्या सीटवर एकटी, पिशवी मांडीवर. एक बाई मागनं मोठ्यानं म्हणाली, "डायवर, तुमच्या हरिश्चंद्राला सांगा, आमची पोरं रविवारी उपाशी व्हती." मी आरशातनं मंदाकडं बघितलं. वाटलं बस थांबवावी आणि हिला खाली उतरवावी. त्या बायांची बाजू मला बरोबर वाटत होती. अजून वाटते थोडी.

घरी आल्यावर मी म्हणालो, "मोजकेच तर खराब होते. काय बिघडलं असतं?"

ती म्हणाली, "ते आता कळलं मोजके हायेत. काल कुणाला ठावं व्हतं?"

आमची महाळुंग्यात जमीन होती, ती कंपन्यांच्या पट्ट्यात गेली. उरलेल्या तुकड्यावर सहा खोल्या बांधल्या, कामगारांना भाड्यानं द्यायला. गावात सगळ्यांनीच बांधल्यात. खोली दाखवायला मंदा जायची आणि मी कपाळाला हात लावून बसायचो. लोक खोलीचं चांगलं सांगतात. ही आधी वाईट सांगायची. पाणी एक दिवसाआड. उन्हाळ्यात पत्रा तापतो, आत भाकरी भाजंल. पाच नंबरचा माणूस पगाराच्या दिवशी पिऊन गाणी म्हणतो, सूर वाईट हाय. आणि चार नंबर दाखवताना दारातच उभी राहून म्हणायची, "हितं एक भाडेकरू गळफास घेऊन गेला. आत या, न्हाईतर नका येऊ, तुमची मर्जी."

चार नंबर चौदा महिने रिकामी राहिली. शेजारचे हसायचे. भावकीतला एक म्हणाला, "वहिनी, कायद्यात कुठं लिहिलंय का सांगितलंच पाहिजे म्हणून?" मंदा म्हणाली, "कायद्यात न्हाई म्हणून तर सांगायला लागतंय. असतं तर तुमीबी सांगितलं असतं."

मग लातूरकडची सुनीता आली, नवरा कंपनीत, ही शिवणकाम करणारी. मंदानं दारात उभं राहून सगळं सांगितलं. सुनीता जरा थांबली आणि म्हणाली, "मावशी, आमच्या गावात असं एक घर दाखवा जिथं कुणी गेलं नाही. बाहेरनं कळलं असतं तर भ्या वाटलं असतं. तुम्हीच सांगितलं, आता कशाचं भ्या?" ती अजून तिथंच आहे. या माणसांत मंदाला अशी एखादी भेटायची आणि मग ती आठवडाभर माझ्याकडं विजयानं बघायची.

दवाखान्याच्या विम्याच्या वेळेलापण तेच. एजंट आमच्याच भावकीतला. फॉर्म भरत होता. आजार? नाही. औषध? नाही. सगळीकडं नाही, नाही, फुल्या मारत चालला. मंदानं फॉर्मवर हात ठेवला.

"बीपीची गोळी चालू हाय. लिव."

"काकू, ते लिहायचं नसतं. फाईल अडकते."

"मी मेल्यावर अडकण्यापरीस आत्ताच अडकू दे. मी तवा सोडवायला नसंल."

त्यानं लिहिलं. हप्ता वाढला. मी पंधरा दिवस कुरकुर केली. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता दिघीचं सांगतो. दिघीला तिची धाकटी बहीण शालन राहते. दोघी एका ताटात जेवलेल्या. शालनच्या मुलाला मुलगी बघत होते. मुलीकडची माणसं घरी आली, आम्हीपण होतो. बोलता बोलता मुलीच्या आईनं मंदाला विचारलं, "मावशी, मुलाचं काही लपवण्यासारखं नाही ना?" हसत विचारलं होतं. त्या पोराचं आधी एक लग्न झालेलं, कोर्टात केलेलं, सहा महिन्यांत मोडलेलं. कागदावर सुटलेलं, पण झालेलं. शालननं ते सांगितलं नव्हतं. मंदा म्हणाली, "हाय." आणि सगळ्यांसमोर सांगितलं. पोह्यांच्या बशा तशाच राहिल्या आणि माणसं उठून गेली.

शालन दारापर्यंत मागं आली. म्हणाली, "तू माझी भैन न्हाईस. पोलीस हायस. परत माझा उंबरा चढू नको."

आठ वर्षं झाली त्याला. मंदाला काय बोचत होतं ते नीट ऐका. सांगितलं याचं तिला वाईट नव्हतं. त्या मुलीला कळायलाच पाहिजे होतं, असं ती शेवटपर्यंत म्हणायची. पण सकाळच्या मिटिंगमध्ये मधनंच म्हणायची, "माझी एक चूक शिल्लक हाय, दिघीची. आधी शालनला आत न्यायला पायजे व्हतं. तिला म्हणायला पायजे व्हतं, तू सांग, न्हाईतर मी सांगते. तिला येळ दिला न्हाई मी. चारचौघांत उघडं पाडलं." मग स्वतःच दुसरा प्रश्न विचारायची आणि स्वतःच उत्तर द्यायची, "जाऊन पाया पडायचं." धाकट्या बहिणीच्या. फोनवर नाही, जाऊन. दिवाळीनंतर जाते. उन्हाळा सरला की जाते. माणसाला वाटतं दिघी कुठं पळून जातीय.

मग जूनमध्ये तिच्या पोटात दुखायला लागलं.

दवाखान्याचं नाव सांगत नाही, सगळे सारखेच. डॉक्टरनं तिला बाहेर बसवलं आणि दीपकला न् मला आत घेतलं. तपासणी तिची, पोट तिचं, आणि ती बाहेर बाकावर. डॉक्टर म्हणाला फार पसरलेलं दिसतंय, तरी एकदा उघडून बघू. मग म्हणाला, "पेशंटला किती सांगायचं ते तुम्ही ठरवा." आम्ही ठरवा! का? आम्ही कोण? त्या खोलीत मी हे विचारायला पाहिजे होतं. मी मान हलवली.

पार्किंगमध्ये दीपक रडला. मला म्हणाला, "बाबा, आईला नाही सांगायचं. तिला धक्का बसेल, ती हाय खाईल. हिंमत गेली की माणूस जातं." शिकलेला पोरगा, हिंजवडीला नोकरी, मला वाटलं त्याला कळतंय. मला पण सोपं वाटलं. खरं ते सांगतो. मला सोपं वाटलं. घरी जाऊन तिच्या तोंडावर ते सांगायचं माझ्यानं होणार नव्हतं आणि माझ्या पोरानंच मला सुट्टी दिली.

धक्का! ज्या बाईनं फासाची खोली दारात उभं राहून दाखवली, तिला धक्का? धक्का आम्हाला बसला होता. तिला रडताना आम्हाला बघायचं नव्हतं. आमच्या डोळ्यांची सोय म्हणून तिच्या डोळ्यांवर पट्टी बांधली.

ऑपरेशनच्या कागदावर तिची सही घेतली. इंग्रजीत सगळं. रेशनच्या पावतीवर अंगठा फिरवून बघणारी बाई, तिनं विचारलं, "दीपक, काय लिवलंय ह्यात?" तो म्हणाला, "नेहमीचंच असतं आई, खडे काढायचे म्हणून." तिनं सही केली. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर केली नसती. पोटच्या पोरानं सांगितलं म्हणून केली.

पोट उघडलं, बघितलं आणि परत शिवलं. काढण्यासारखं नव्हतं. शुद्धीवर आल्यावर तिचा पहिला शब्द काय, तर "खडे दाखवा."

तिथं खडे दाखवायची पद्धत आहे. बाटलीत घालून नातेवाइकांना देतात. शेजारच्या खाटेवर खेडचा एक माणूस होता, त्याचे खरोखरचे खडे काढलेले. त्याच्या भावाच्या हातात बाटली होती. मी त्याला व्हरांड्यात गाठलं आणि खडे मागितले. तो हसला. "घ्या की काका. आम्ही काय त्याचं लोणचं घालणार?"

ती बाटली मी मंदाच्या हातात दिली. तिनं ती डोळ्यासमोर धरली, डावा डोळा बारीक करून. हलवून बघितली. घरी आल्यावर खडे तळहातावर काढले, एकेकावरनं अंगठा फिरवला. "धार हाय बघा कडेला," मला म्हणाली. "म्हणून दुखत व्हतं." आणि बाटली देवाशेजारच्या फळीवर ठेवली. भाडेकरूंना दाखवायची. सुनीताला म्हणाली, "बघ गं, एवढे बाळगून फिरत व्हते मी."

बावीस वर्षांत तिच्या हातनं चुकून वाकडे पीस सुटले असतील. जाणूनबुजून खोटा पीस तिच्या हातात कुणी दिला नव्हता. मी दिला. आणि तिनं पास केला, माझ्या तोंडाकडं बघून.

त्यानंतरपण रोज सकाळी चमचा वाजत होता. काल काय बिघडलं? मी म्हणायचो, काय न्हाई. साडेपाच महिने. कॅन्सरची सलाईन लावायला नेत होतो, तिला ताकदीची सलाईन म्हणून सांगितलेलं. एकदा ती म्हणाली, "तुमचं हल्ली काहीच बिघडत न्हाई. म्हातारपणी सुधारलात म्हणायचं." मी चहात तोंड घातलं.

आणि विमा. सांगितलं होतं ना, लक्षात ठेवा म्हणून. तिनं फॉर्ममध्ये सगळं खरं लिहिलेलं, म्हणून फाईल कुठं अडली नाही. विमा कंपनीला तिचा आजार माहीत. दवाखान्याच्या काउंटरला माहीत. रक्त तपासणाऱ्याला माहीत. दीपकनं सुट्ट्या मागितल्या, त्याच्या साहेबाला माहीत. भावकीतल्या एजंटला माहीत, तो दाराशी येऊन मला डोळा मारून "कसं आहे?" विचारायचा. अख्ख्या जगाला सगळे कागद दाखवले. जिचं पोट, ती सोडून.

आता लोक मला समजावायला येतात. म्हणतात, "तात्या, त्यांना कळलंच असेल हो. बायकांना कळतं. तुमच्यासाठी गप राहिल्या." हे ऐकलं की माझ्या डोक्यात जाळ होतो. तिला कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तिनं झाकणावर चमचा वाजवून सांगितलं असतं. मंदानं कळलेली गोष्ट पोटात ठेवली, असं एक उदाहरण द्या मला. नाही मिळणार. तिला कळलं नव्हतं. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. तिला कळलं होतं असं म्हणणारे मला सोडवायला बघतात, आणि तिला माझ्यासारखी करतात.

कळलं असतं तर काय केलं असतं? रडली असती एक दिवस. मग दुसरा प्रश्न विचारला असता आणि दिघीची बस धरली असती.

शुक्रवारी पहाटे तिला धाप लागली. गाडी बोलवेपर्यंत संपलं. दुपारी सगळं उरकलं. शालनला सुनीतानं फोन केला होता. ती आली ती उंबऱ्यातच बसली, आठ वर्षांनी. रात्री परत गेली नाही.

शनिवारी सकाळी आम्ही भिंतीला टेकून बसलो होतो. दीपक, त्याची बायको, शालन, भावकीतले तिघं-चौघं. मयताच्या घरी चूल पेटवत नाहीत, म्हणून सुनीता चहाची किटली घेऊन आली. मंदाला जिथं निजवलं होतं तिथं दिवा होता. भावकीतला एक म्हणाला, "झटक्यात गेली. नशीबवान." दुसरा म्हणाला, "तर काय. पुण्यवान बाई. काय होतंय ते कळलंसुद्धा न्हाई." दीपक मान हलवत होता.

मी कपातला चमचा घेतला आणि किटलीवर वाजवला. ठण, ठण.

दीपकनं एकदम वर बघितलं. "बाबा, आत्ता नको."

"येळ झाली," मी म्हणालो. "काल काय बिघडलं, बोला."

भावकीतले एकमेकांकडं बघायला लागले, म्हातारा फिरला म्हणून.

"मग मी बोलतो." मी फळीवरची बाटली काढून मधे ठेवली. "हे खडे मंदाचे न्हाईत. खेडच्या एका माणसाचे हायेत. मी मागून आणले. मंदाला कॅन्सर व्हता. मला साडेपाच महिने ठावं व्हतं. मंगळवारी तिनं मला तोंडावर विचारलं, दुसरं काय न्हाई ना. मी न्हाई म्हणालो. शालन, ती तुझ्याकडं येणार व्हती. पाया पडायला. चारचौघांत बोलले ते चुकलं म्हणायला. संक्रांतीनंतर जाते म्हणाली. मी म्हणालो, जा की."

शालननं पदर तोंडावरनं काढला.

"किती महिने म्हणलात, दाजी?"

"साडेपाच."

"आन हितनं दिघी किती लांब?"

"दोन बस. दीड तास."

ती उठली, बाटली उचलली, दाराबाहेर नेऊन चपलांच्या ढिगापाशी ठेवली आणि परत येऊन बसली.

दुसरा प्रश्न कुणी विचारला नाही. परत होऊ नये म्हणून काय करायचं. विचारणारी नव्हती, आणि परत व्हायला आता उरलं कोण?

मी आत गेलो. पत्र्याच्या पेटीत माझ्या ड्रायव्हरच्या खाकी ड्रेसखाली दवाखान्याची फाईल लपवलेली. ती आणली आणि दिव्यापुढं उघडून ठेवली. मला इंग्रजी येत नाही. मराठीच जेमतेम येतं.

"दीपक, हितं ये. वाच."

"बाबा, लोक बसलेत."

"बसू दे. पहिल्या पानापासनं वाच. मोठ्यानं. आन मराठीत सांग, तिला इंग्रजी येत नव्हतं."

तो सुनेकडं बघायला लागला. तिनं मान खाली घातली. मग तो दिव्यापुढं मांडी घालून बसला. आईचं नाव वाचलं. वय वाचलं. पुढच्या ओळीवर हात ठेवला.

मी म्हणालो, "पुढचं."